फोटोखालच्या चार ओळी

जर्नल! हा शब्द नुसता ऐकला तरी आपल्या कॅम्पसमधल्या निम्म्या लोकांच्या पोटात गोळा येतो. इंडेक्स, सर्टिफिकेट, प्रत्येक प्रॅक्टिकलखाली सरांची सही आणि सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूबलाइट धरून चाललेली जीटी! पण मित्रांनो, घाबरू नका. या लेखातलं जर्नल वेगळं आहे. त्याला सही लागत नाही, मार्क नसतात आणि त्याची जीटी मारताच येत नाही. कारण ते दुसऱ्या कोणाकडे आधी लिहिलेलंच नसतं.

स्क्रॅपबुक सगळ्यांना माहीत आहे. फोटो, तिकिटं, कात्रणं, बॅज, गॅदरिंगचे पास असं काहीबाही चिकटवलेली जाड पानांची वही. फायनल इयरला निरोप देताना ज्युनियर्स ती हमखास करतात. रंगीत कागद, स्टिकर, चमकी, कोपऱ्यात हसरे चेहरे... सगळं असतं. नसतो तो फक्त मजकूर. असलाच तर ‘फुल टू धमाल’ आणि ‘मिस यू यार’, त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. फोटोच्या शेजारी आपल्या हाताने जे लिहायचं, त्याला या छंदात ‘जर्नलिंग’ म्हणतात. पानातला सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही हाच. तो का टाळू नये आणि कसा लिहावा, हे जरा सविस्तर बघू.

छंद जुना, दुखणंही जुनं

कात्रणं चिकटवायचा नाद काही आजचा नाही. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने १८७३ साली चक्क एका स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या पानांवर आधीच गोंदाचा थर दिलेला असे. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबून बसवायचं. गंमत बघा, एवढा मोठा लेखक, पण त्याच्या या पुस्तकाची पानं कोरी!

आजच्या स्वरूपातल्या स्क्रॅपबुकचा प्रसार तिकडे साधारण १९८० नंतर झाला. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीला नोंदी आणि वंशावळी या विषयावर एक मोठी जागतिक परिषद भरली होती. तिथे यूटा राज्यातल्या मेरीलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले आणि बघणाऱ्यांमध्ये या प्रकाराची गोडी पसरली. मुद्दा लक्षात घ्या, हे प्रदर्शन चित्रकलेच्या परिषदेत नव्हतं. पुढच्या पिढीला आपण कोण होतो हे कळावं, हा तिथला विषय होता. सजावट त्याच्या मागून आली.

आपल्याकडे या वहीची भावंडं बरीच आहेत. ऑटोग्राफ बुक, स्लॅम बुक, गॅदरिंगला मिळालेले फिशपॉन्ड जपून ठेवलेलं पाकीट. आणि आपल्या तरुण सर-मॅडमना विचारा, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत ‘स्क्रॅपबुक’ म्हणजे ऑर्कुट! जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं. मित्र एकमेकांच्या पानावर ‘स्क्रॅप’ टाकायचे. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि ज्यांनी आपलं लिखाण वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं ते गेलं. आज त्यांना विचारलं तर बरेच जण म्हणतील, ‘फोटो कुठे ना कुठे आहेत, पण लोकांनी काय काय लिहिलं होतं ते आठवत नाही.’

टायटल ब्लॉक नसलेली शीट

फर्स्ट इयरला ड्रॉइंग शिकताना आपण काय करतो? शीट लावली की आधी बॉर्डर, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात १८५ मिमी बाय ६५ मिमीची चौकट. नाव, तारीख, स्केल, शीटचं शीर्षक, कोणी काढलं, कोणी तपासलं. ती चौकट नसेल तर आतलं ड्रॉइंग कितीही सुंदर असो, वर्कशॉपमध्ये त्याचा उपयोग शून्य. ते कशाचं आहे, केवढं आहे, कोणाला विचारायचं, काहीच कळत नाही.

फोटोचंही अगदी तसंच आहे. आज तुम्हाला फोटोतला प्रत्येक चेहरा पाठ आहे, म्हणून टायटल ब्लॉकची गरज वाटत नाही. वीस वर्षांनी तोच फोटो तुमच्या मुलीच्या हातात पडला तर तिला दिसेल काय? आठ पोरं, एक टपरी, मागे पाऊस. बस्स.

डिपार्टमेंटच्या पॅसेजमधले जुने ग्रुप फोटो कधी थांबून बघितलेत? त्यांच्याखाली ओळ असते, ‘बसलेले, डावीकडून’, मग ‘उभे, पहिली रांग’. मराठी शाळा-कॉलेजांनी पिढ्यान् पिढ्या केलेलं हे जर्नलिंगच आहे. कोरडं, पण पक्कं. त्या यादीमुळेच पंचवीस वर्षांनी आलेला माजी विद्यार्थी स्वतःला आणि शेजारच्याला शोधू शकतो. पण त्याच यादीकडे आणखी एकदा बघा. कडेला उभ्या असलेल्या लॅब अटेंडंट काकांचं किंवा शिपाई मामांचं नाव कित्येकदा तिथे नसतं. चेहरा आहे, नाव नाही. म्हणजे जे लिहिलं नाही ते गेलं, आणि जायची सुरुवात नेहमी कडेच्या माणसापासून होते.

आता आपल्या हॉस्टेलचा विचार करा. मेसमध्ये ज्या मावशींच्या हातच्या पोळ्या आपण चार वर्षं खातो, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? रात्री साडेदहानंतर गेट उघडणारे वॉचमन काका मूळचे कुठल्या गावचे? सेकंड इयरला घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडून गेलेला रूममेट किती फोटोंत आहे? या माणसांचे फोटो कमी असतात, आठवणी मात्र भरपूर असतात. आणि आठवणी चिकटवता येत नाहीत, त्या लिहाव्याच लागतात.

आधी पाच गोष्टी, मग बाकीचं

म्हणून पहिला नियम सोपा. प्रत्येक पानावर आधी टायटल ब्लॉक भरा. त्यात पाच गोष्टी.

१. कोण: डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव. ‘पिंट्या’, ‘डॉन’, ‘बाबा’ ही टोपणनावं जरूर लिहा, पण खऱ्या नावाशेजारी.

२. कुठे: नुसतं ‘ट्रिप’ नको. कोणता गड, कोणता धाबा, कोणत्या मजल्याचा पॅसेज.

३. कधी: तारीख आणि साल. तारीख आठवत नसेल तर ‘थर्ड इयर, पीएल सुरू व्हायच्या आधीचा रविवार’ हेही चालतं.

४. काय निमित्त होतं.

५. फोटो कोणी काढला. हे सगळेच विसरतात! जो काढतो तो फोटोत नसतो, आणि ग्रुपमध्ये नेहमी एकच जण फोटो काढत असतो.

कोणी म्हणेल, मोबाईलच्या फोटोत तारीख-वेळ असतेच की. बरोबर, फाईलच्या आत तारीख, वेळ आणि कधी कधी ठिकाणही नोंदलेलं असतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती बहुधा गळून पडते. आणि ती राहिली तरी कोण, का आणि कशासाठी हे कॅमेऱ्याला माहीतच नसतं.

फोटोबाहेरचं लिहा

टायटल ब्लॉक झाला की खरी मजा सुरू होते. इथला नियम असा की फोटोत जे दिसतंय ते परत लिहू नका. ‘आम्ही सगळे चहा पितोय’ हे दिसतंच आहे! फोटोच्या चौकटीबाहेर काय होतं ते लिहा. आधी काय झालं, नंतर काय झालं, वास कसला येत होता, कोण काय बोललं, खिशात किती पैसे होते.

एक नमुना बघू. दिवाळीची सुट्टी संपवून सगळे परत आलेत, खोलीत फराळाचा डबा उघडलाय, त्याभोवती पाच-सहा जण. नेहमीचा मजकूर असतो: ‘दिवाळी आफ्टर पार्टी! रॉकिंग!!’ आता हाच फोटो असा लिहून बघा (नावांच्या जागी तुमची नावं घाला):

‘सुट्टी संपवून आलो ती पहिली रात्र. मधला स्टीलचा डबा लातूरच्या ......चा. त्याच्या आईने चकल्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक थरात पेपर घातला होता, तरी एसटीने त्यांचा चुरा केलाच. दार आतून लावून खाल्लं, कारण विंगमध्ये कळलं असतं तर दहा मिनिटांत डबा रिकामा झाला असता. सव्वाअकराला कळलंच. ......चे वडील त्या दिवाळीत आजारी होते, तो फराळ न घेता आला. त्याच्या हातात सगळ्यात मोठा लाडू आहे तो म्हणून. फोटो ......ने काढला.’

बघा, काही अलंकारिक नाही. ‘सोनेरी क्षण’ नाही, ‘मैत्रीचा अथांग सागर’ नाही. पण लाडवाचं वाक्य वाचल्यावर तो फोटो पहिल्यासारखा दिसतो का? नाही दिसत. हेच जर्नलिंगचं काम. फोटो तोच राहतो, बघणारा बदलतो.

सुचत नसेल तर स्वतःला हे प्रश्न विचारा. या फोटोच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं? या दिवशी मला कशाची भीती वाटत होती? यातल्या कोणाशी मी तेव्हा बोलत नव्हतो? यातली कोणती वस्तू दहा वर्षांनी दिसणार नाही? कोण असायला हवं होतं पण नव्हतं? यातल्या एकाचं जरी खरं उत्तर दिलंत तरी चार ओळी आपोआप होतात.

‘मला लिहिता येत नाही’

ही सबब तर ठरलेली. इंजिनिअरिंगला आलो तेच निबंध लिहायला नकोत म्हणून! पण मित्रांनो, लिहायला लेखक असावं लागत नाही, तिथे असावं लागतं. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. चार पैसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी जे पाहिलं ते लिहून काढलं आणि ते ‘माझा प्रवास’ नावाने १९०७ साली छापलं गेलं. आज त्या काळाचा अभ्यास करणारे ते पुस्तक उघडतात. का? तर एक साधा माणूस तिथे होता आणि त्याने काय खाल्लं, कुठे लपला, काय पाहिलं ते सांगितलं. आपल्या हॉस्टेलवर काही झाशीचा वेढा पडलेला नाही (मेसच्या रविवारच्या रांगेचा अपवाद सोडून). पण तत्त्व तेच.

भाषेचीही काळजी नको. घरी बोलता तसं लिहा. वऱ्हाडी असाल तर वऱ्हाडी, कोल्हापुरी असाल तर कोल्हापुरी, मालवणी असाल तर मालवणी. रूममेट जसं बोलतो तसंच त्याचं वाक्य लिहा. त्याची बोली फोटोत येत नाही. अक्षर वाईट असेल तरी हातानेच लिहा, प्रिंट काढू नका. अक्षर ही माणसाची खूण आहे. आई-आजोबांच्या जुन्या पत्रांत आपण आधी अक्षर ओळखतो, मजकूर मग वाचतो.

आणि सगळं स्वतःच लिहू नका. एक पान दुसऱ्याला द्या. स्लॅम बुकात छापील प्रश्न असतात, त्यामुळे उत्तरंही छापील येतात. आवडता रंग निळा, आवडता हिरो अमुक. त्याऐवजी एकच फोटो तिघांना दाखवा आणि प्रत्येकाला त्या दिवसाबद्दल चार ओळी लिहायला सांगा. तिघांचं एकमेकांशी जुळणार नाही. कोण दरीत घसरत होतं आणि कोणी धरलं, यावर तर हमखास वाद! तो वाद तसाच पानावर राहू द्या.

शाई, कागद आणि थोडं केमिस्ट्री

आता आपल्या शाखेचं काम. लिहिलेलं टिकलंच नाही तर काय उपयोग?

शाई: रंग दोन प्रकारचे असतात. डाय म्हणजे द्रवात विरघळलेला रंग आणि पिगमेंट म्हणजे न विरघळता तरंगणारे बारीक घन कण. फाउंटन पेनच्या निळ्या शाईत आणि साध्या बॉलपेनात बहुतेक वेळा डाय असतो. तो उजेडाने फिका पडू शकतो, आणि फाउंटन पेनची शाई तर पाण्याने पसरतेच. पिगमेंट शाईचे काळे ड्रॉइंग पेन मिळतात, पेनावर किंवा पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. काळ्या पिगमेंटमध्ये सहसा कार्बन असतो आणि कार्बनला उजेडाचं काही वाटत नाही. आपली एचबी पेन्सिलही त्याच न्यायाने टिकते, फक्त घासली जाता कामा नये. खात्री करायची असेल तर प्रयोग करा. हाताशी असलेल्या सगळ्या पेनांनी एका कागदावर रेघा मारा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. मग एकेका रेघेवर पाण्याचा थेंब टाका. ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट, कन्क्लुजन!

कागद: वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, म्हणून तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. कात्रण लावायचं असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स लावा, आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. पानांसाठी ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेला जाड ड्रॉइंग पेपर घ्या. कायम टिकणाऱ्या कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक १९९४ साली आलं. त्यात कागद किंचित अल्कलाइन असावा आणि त्यात आम्ल शोषून घेणारा साठा असावा अशी अट आहे. एवढं शोधत बसायची गरज नाही, पण वर्तमानपत्रासारखा खरखरीत स्वस्त कागद टाळा.

चिकटवणं: सेलोटेप नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि डाग मागे ठेवते. पातळ गोंदातल्या पाण्याने फोटो वळतो. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे फोटो कॉर्नर सगळ्यात बरे, फोटो काढून परतही लावता येतो. फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे उठाव दिसतो.

तिकिटं: एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट, एटीएमची स्लिप, हॉटेलचं बिल हे बहुतेक थर्मल कागदाचं असतं. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपात उष्णतेने रंग तयार होतो. उजेड आणि ऊब लागली की तो उडतो, आणि काही प्लास्टिकच्या पाकिटांत तर लवकरच उडतो. फर्स्ट इयरला घरून पहिल्यांदा आलात त्या प्रवासाचं तिकीट जपून ठेवलं असेल तर आजच बघा, कदाचित कोरं झालं असेल. म्हणून तिकिटाशेजारी हाताने लिहा: कुठून कुठे, किती रुपये, कोण सोडायला आलं होतं. तिकिटावरचे आकडे उडाले तरी तेवढं राहील.

अवघड पानं

स्क्रॅपबुक म्हणजे फक्त वाढदिवस आणि गड-किल्ले असं नाही. केटी लागलेलं सेमिस्टर, इयर डाऊन झालेला मित्र, कॅम्पसला शेवटच्या राउंडमध्ये बाहेर पडल्याची संध्याकाळ, घरून आलेला वाईट फोन... या दिवसांचे फोटो नसतात, कारण त्या दिवशी कोणी कॅमेरा काढत नाही. पण चार वर्षांत माणूस घडतो तो बराचसा याच दिवसांत. अशा दिवसाला फोटोविना नुसत्या मजकुराचं एक पान द्या. सगळ्यांनी वाचायला नको असेल तर पानावर पाकीट चिकटवा आणि लिहिलेला कागद घडी करून आत ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्याचं गुपित तुमच्या वहीत लिहायचा हक्क तुम्हाला नाही. कोणाच्या घरची गोष्ट, कोणाचं प्रेमप्रकरण, कोणाचा आजार लिहायचा तर आधी विचारा. वही हॉस्टेलवर राहते आणि हॉस्टेलवर कुलपं किती उपयोगाची असतात ते आपण जाणतो.

सुरुवात कुठून?

अख्ख्या चार वर्षांचं एकदम करायला गेलात तर सबमिशनसारखंच होईल, शेवटच्या रात्री जागरण आणि निम्मं राहिलेलं. त्यापेक्षा दर रविवारी संध्याकाळी, मेसला सुट्टी असते त्या वेळी, एक फोटो आणि दहा मिनिटं. महिन्याला चार पानं. प्रिंट नसेल तर आधी मजकूर लिहून ठेवा, फोटोसाठी चौकट आखून सोडा. फोटो नंतरही मिळतो, तपशील मिळत नाही.

आणि एक विनंती रेक्टर सरांना व सगळ्या स्टाफला. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक सामाईक वही ठेवता येईल का? दरवर्षी हॉस्टेलच्या गणपतीत सगळ्यांचा एक फोटो काढायचा आणि त्याखाली प्रत्येकाने स्वतःच्या हाताने नाव आणि गाव लिहायचं. सगळ्यांनी म्हणजे मेसच्या मावशींनी, वॉचमन काकांनी, सफाईच्या दादांनीही. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी शेजारच्याने विचारून लिहायचं. खर्च एका वहीचा आणि एका काळ्या पेनाचा.

तोपर्यंत आपण आपल्या वहीपासून सुरू करू. आज रात्री जेवायला जाल तेव्हा पोळी वाढणाऱ्या मावशींना त्यांचं नाव विचारा. पहिल्या पानाची पहिली ओळ तीच असू दे.